ओतीलियाबाईंचे सन्मानपूर्वक अवतरण

माणूस किती उंचीवर पोचला यापेक्षा तो तिथे कुठल्या दाराने पोचला, याला सुसंस्कृत समाजात जास्त महत्त्व असतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या समुद्रकाठच्या ‘व्हर्साय’ इमारतीने हे तत्त्व बांधकामातच पक्कं करून टाकलं होतं. इमारतीला लिफ्ट दोन. पुढची लिफ्ट दिवाणखान्याच्या दाराशी उघडते. तिच्यात आरसा आहे. मागची स्वयंपाकघराच्या दाराशी उघडते, तिच्यात आरसा नाही (बघणार कोण?). पुढचीतून रहिवासी आणि त्यांचे पाहुणे जातात. मागचीतून मोलकरणी, कुत्री, कचरा, प्लंबर आणि समुद्रावरून ओलेत्याने आलेली पोरं. लिफ्टच्या वापरात माणसामाणसांत भेद करणं हा गुन्हा आहे, अशी पितळी पाटीही कायद्याप्रमाणे लावलेली आहे. ती मागच्या लिफ्टमध्ये आहे, कारण वाचायची गरज तिकडच्यांनाच जास्त.

कार्निव्हल संपला आणि पुढची लिफ्ट बंद पडली. मिस्त्री आला, आत बॅटरी मारून ‘अरेरे’ म्हणाला आणि गेला. लागणारा भाग साओ पाउलोहून निघालाय असं कळलं. (तो अजून निघालेलाच आहे.)

मागची लिफ्ट ठणठणीत होती. एखाद्या मागासलेल्या इमारतीत लोक सरळ तिच्यात घुसले असते. व्हर्सायमध्ये असला थिल्लरपणा कुणी केला नाही. रहिवासी जिने चढू लागले. भिंतीपलीकडून मोलकरणींचं गाणं वर वर जाताना ऐकू येई. मालक घामाघूम होऊन घरी पोचेपर्यंत कॉफी तयार होऊन, गार होऊन, पुन्हा गरम झालेली असे. समितीने पाहणी केली, तेव्हा रहिवाशांची प्रकृती शंभर टक्के सुधारल्याचं आढळलं. (पाहणी फक्त वर पोचलेल्यांची झाली.)

अडचण होती ती नवव्या मजल्यावरच्या ओतीलियाबाईंची. बाईंचं वय एक्क्याऐंशी. उजवा गुडघा त्याहून मोठा. जिना शक्यच नव्हता. आणि रहिवाशांनी मागच्या लिफ्टने जाऊ नये हा नियम त्यांनीच, इमारतीच्या अध्यक्ष असताना, टेबलावर मूठ आपटून करून घेतला होता. आता रविवारी त्यांच्या पणतीचा बाप्तिस्मा. पणतीचं नाव ओतीलियाच ठेवायचं होतं आणि धर्ममाता म्हणून तिला हातात धरायचा मान बाईंचा होता. बाई पोचल्या नाहीत, तर तो मान त्यांच्या जावेचा, झेलियाचा. झेलियाने भर उन्हाळ्यात पांढरे हातमोजे विकत घेतल्याची बातमी आली होती.

शनिवारी स्वयंपाकघरात बैठक बसली. निवाल्दा, म्हणजे बाईंकडे अर्धं आयुष्य काम केलेली मोलकरीण, आपल्या कपातून कॉफी पीत होती. हा कप निळा, टवके उडालेला. तो सिंकखाली राहतो. काचेचे पेले वरच्या फळीवर राहतात. इतक्या वर्षांत दोघांची गल्लत झालेली नाही.

“बाई, मागच्या लिफ्टने गेलात तर काय गुडघा गळून पडणारे?”

“अगं, लोक काय म्हणतील?”

“लोक जिन्यात धापा टाकतायत. त्यांना बोलायला दम कुठाय?”

सध्याचे अध्यक्ष, अदेर्बाल वकील, सातव्या मजल्यावरून चढून आले होते. त्यामुळे त्यांचं पहिलं वाक्य जरा उशिरा आलं.

“बाईसाहेब, मार्ग आहे. कलम नऊ. फर्निचर म्हणून जायचं. आरामखुर्चीत बसा, वरून चादर टाकू.”

“जाते.”

“पण फर्निचर रविवारी हलवता येत नाही.”

मग ओतीलियाबाईंनी हळूच विचारलं, “कुत्री?”

“कुत्र्यांना सातही दिवस मुभा. पण गळ्यात पट्टा लागतो.”

बाईंनी थोडा विचार केला, हे इथे नोंदवणं भाग आहे.

निवाल्दाने कप आपटला. “म्हणजे काय, बाईंनी मेल्यावरच खाली उतरायचं का?”

वकीलसाहेब ताडकन उठले. “कलम चौदा! मृत रहिवाशास मागच्या लिफ्टने, कोणत्याही दिवशी, संपूर्ण सन्मानाने नेण्यात यावे.”

“संपूर्ण सन्मानाने? असं लिहिलंय?”

“तुम्हीच लिहिलंय, बाईसाहेब.”

त्यानुसार रविवारी सकाळी ओतीलियाबाई जांभळा रेशमी झगा आणि मोत्यांची माळ घालून, चाकाच्या खुर्चीत बसून मयत झाल्या. वर पांढरी चादर. खाली दरवान जोसिव्हानने टोपी काढली. बाई जिवंत आहेत हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, पण रीत ती रीत. लोक दोन्ही बाजूंना उभे राहिले. चौथ्या मजल्यावरच्या मारिलूझाबाईंना तर खरंच रडू आलं. रडता रडता त्यांनी विचारलं, “त्यांची ती सावलीतली पार्किंगची जागा आता कुणाला?”

“कुणाला नाही!” चादरीतून आवाज आला.

“मृताने प्रवासात बोलू नये,” वकीलसाहेब कुजबुजले.

बाप्तिस्मा उत्तम झाला. डोक्यावर पाणी पडताच धाकटी ओतीलिया थेट थोरलीच्या आवाजात ओरडली. झेलियाने हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले.

पेच पडला तो परत आल्यावर. बाई पुन्हा चादर ओढून घेत होत्या, तोच वकीलसाहेबांनी हात वर केला.

“क्षमा करा. खाली जाणाऱ्या मृताची तरतूद आहे. वर जाणाऱ्याची नाही. ते खातं वेगळं.”

बाईंना खालीच, इमारतीच्या दारातल्या सोनेरी सोफ्यावर बसवण्यात आलं. दुपार झाली. रेशमी झगा अंगाला चिकटला. मोती तापले.

“बाई, चला बघू,” निवाल्दा म्हणाली. “मी बटण दाबते, तुम्ही डोळे मिटा.”

“नियम म्हणजे नियम, निवाल्दा. पाणी तेवढं आण.”

निवाल्दा मागच्या लिफ्टने वर गेली आणि लगेच खाली आली. हातात निळा कप.

“काचेचा पेला नाही सापडला?”

“काचेची भांडी मागच्या लिफ्टने न्यायची नाहीत, असं तुम्हीच सांगितलंय ना? म्हणून हा आणला. माझा.”

ओतीलियाबाईंनी कपाकडे पाहिलं. कडेला टवका होता, नेमका ओठ लागतो तिथे. त्यांनी कप फिरवला, तर पलीकडेही टवका. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला.

“ओठ लागले!” वकीलसाहेब आनंदाने ओरडले. “बाईसाहेब, आता तुम्ही मागच्या बाजूच्या झालात. खुशाल जा!”

“नियमात बसतं?”

“चोख.”

ओतीलियाबाई निवाल्दाचा दंड धरून, चादरीशिवाय, उभ्याने वर निघाल्या. वाटेत त्यांनी पितळी पाटी वाचली.

“छान लिहिलंय गं. ही पुढच्या लिफ्टमध्ये का नाही लावली?”

“तिथे आरसा आहे ना, बाई.”

वर पोचल्यावर बाईंनी तो कप स्वतः विसळला, पुसला आणि वरच्या फळीवर, पेल्यांशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सिंकखाली होता. (कुणी ठेवला, यावर दोघी बोलत नाहीत.)

समितीने या अनुभवाचा तातडीने लाभ घेतला. आता दरवानाच्या टेबलावर साखळीने बांधलेला एक निळा कप असतो. रहिवासी येतात, एक घोट घेतात, तेवढ्यापुरते खालच्या दर्जाचे होतात आणि मागच्या लिफ्टने आरामात घरी जातात. घरात शिरताच चूळ भरतात. पुढची लिफ्ट सुरू झाली की कप काढून टाकण्यात येईल.

ही व्यवस्था वाचून ज्यांना हसू येत असेल त्यांनी जरूर हसावं. फक्त आधी उठून आपल्या स्वयंपाकघरात जावं आणि कामाच्या बाईंचा कप कुठे ठेवलाय, तेवढं पाहून यावं. (लगेच सापडेल. तो वेगळा असतो.)