अस्पर्शित बेटावरची अक्कलदाढ

बेट अस्पर्शित राखायला फार माणसं लागतात. ताउरेआ बेटाची वस्ती एकशे बारा. त्यातले एकतीस जण या कामावर होते. हंगामात महिन्यातून एकदा नव्वद उतारूंचं छोटं जहाज प्रवाळकड्याबाहेर नांगर टाकी. आदल्या दिवशी स्वागत समिती दुचाक्या चर्चमागे दडवी, छपरांवरच्या टीव्हीच्या तबकड्यांवर झावळ्या टाकी आणि गोठवलेल्या कोंबडीची रिकामी खोकी जाळून टाकी. (जिवंत कोंबड्या बेटावर भरपूर आहेत, पण त्यांच्यामागे धावावं लागतं.)

त्रेसष्ट वर्षांचा तेइपो हा बेटाचा ज्ञानवृद्ध. ही नेमणूक ठरावाने झाली होती. एरवी तो वीजघरातला जनरेटर सांभाळायचा; पण पांढरी दाढी असलेला दुसरा माणूस मिळेना. (एक होता, पण तो पाद्री निघाला आणि गवती घागरा नेसेना.) किनाऱ्यावर उभं राहून शंख फुंकायचा आणि गूढ दिसायचं, एवढंच काम. तेइपोला कमी ऐकू येत असल्याने गूढ दिसणं त्याला जड गेलं नाही.

ऑगस्टात त्याची दाढ सुजली. मालवाहू बोट सात आठवडे फिरकली नव्हती. दवाखान्याच्या कपाटात खोकल्याचं औषध, बँडेज आणि दात घासण्याचे फायदे सांगणारी चौदा भित्तिपत्रकं होती. दातांचा डॉक्टर मार्चमध्ये येऊन गेला होता; त्या दिवशी तेइपो मुद्दाम मासेमारीला गेला होता. आता त्याला तोंड उघडवेना, अंगात ताप भरलेला. शेजारच्या बेटावरचा एक माणूस अशाच सुजेने गेला, हे त्याला सारखं आठवत होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

जहाज दिसलं तसा तो भाचीकडे गेला. वाइतिआरे समितीची अध्यक्ष होती. जहाजावर डॉक्टर असतो, त्याला दाखवतो, असं तो म्हणाला. तिने जहाज कंपनीशी झालेला करार काढला. कलम नऊ : बेटवासी निरोगी व समाधानी असतील. ती काही दगडाच्या काळजाची नव्हती. पण शाळेची पाण्याची टाकी या करारातूनच आली होती.

"मामा, दुपारपर्यंत तेवढा समाधानी राहा," ती म्हणाली. "पाहुणे जेवायला बसले की मी स्वतः नेते तुला."

आणि तिने त्याच्या गळ्यात पाच हार घातले, गालापर्यंत येतील असे.

पाहुणे उतरले. तेइपोने शंख तोंडाला लावला. शंख वाजला नाही, तेइपोच वाजला. जहाजावरच्या विद्वान व्याख्यात्याने खालच्या आवाजात समजावलं की हा समुद्रात हरवलेल्या पूर्वजांचा विलाप असून परक्या कानांवर तो क्वचितच पडतो. चौऱ्याहत्तर जण रडले. (उरलेले चित्रण करत होते.)

नोरीन नावाची एक म्हातारी मात्र पुढे आली. ॲडलेडमध्ये तिने अडतीस वर्षं लोकांचे दात काढले होते. तिने हार बाजूला केले आणि गाल चाचपला.

"हे पूर्वज नाहीत," ती म्हणाली. "ही खालची अक्कलदाढ आहे. आजच निघायला हवी."

वाइतिआरेने कराराकडे पाहिलं, मग मामाकडे. मग करार चटईखाली सरकवला आणि त्यावर मामाला बसवलं. त्याचं डोकं तिनेच धरलं. जहाजावरून औषधं आणि हत्यारं आली. दाढ निघताना तेइपो बरंच काही बोलला. व्याख्यात्याने त्याचा अर्थ 'सागरा, तुझं तुला अर्पण' असा सांगितला. प्रत्यक्षात ते बोलणं व्याख्यात्याच्या आईविषयी होतं.

संध्याकाळी ताप उतरला. तेइपोने नारळाच्या दुधातले कच्चे मासे उजव्या बाजूने चावून खाल्ले. वाइतिआरे शेजारी बसून डोळे पुसत होती. चुलीचा धूर फार आहे म्हणाली. चूल विझलेली होती.

पंधरवड्याने कंपनीचं पत्र आलं : दंतार्पण विधी पाहुण्यांना सर्वाधिक भावला, तरी तो प्रत्येक फेरीत व्हावा. समितीने तेइपोचे दात मोजले. एकोणीस भरले. हंगामाला सात फेऱ्यांच्या हिशेबाने दोन हंगाम सुखरूप निघत होते, वर पाच शिलकीत. ठराव हात वर करून मंजूर होणार, तेवढ्यात वाइतिआरे उभी राहिली. मामाच्या तोंडाला पुन्हा कुणी हात लावणार नाही, असं ती म्हणाली. पण पाण्याची टाकी सगळ्यांनाच प्यारी होती.

"त्यांना एवढी हौस आहे ना," तेइपो शांतपणे म्हणाला, "मग त्यांनाही दात आहेत की. पक्कड माझ्याकडे आहे."

कंपनीने हे 'स्थानिक परंपरेत प्रत्यक्ष सहभाग' या नावाखाली, वेगळा आकार लावून जाहीर केलं. हंगाम चार दिवसांत भरला.

आपला धडधाकट दात असा कोण काढून देईल, हा प्रश्न वाचकाला इथे पडायला हवा. आतापर्यंत आपल्या मराठी पर्यटकांकडून आलेल्या प्रत्येक चौकशीत मात्र एकच विचारलेलं आहे : भाड्यात जेवण धरलंय का?

धरलंय. शाकाहारी मंडळींसाठी मऊ भात आहे.