लाइट गेली की टाळ्या

लाइट गेली की आमची अख्खी गल्ली हळहळते. गौतमीताई टाळ्या वाजवतात. "गेली! बरोबर टायमाला गेली!" असं भर दुपारी भिंतीपलीकडून ऐकू आलं, की समजावं, ताईंचं काम जोरात आहे. आमच्या मानवत गावात घरोघरी इन्व्हर्टर आलेत. ताईंनी मात्र भावानं बसवून दिलेला इन्व्हर्टर काढून माझ्या घरी धाडला. "घ्या सर तुमाला. माझ्या कामात लय अडथळा करायलाय."

मी शाळेत मराठी शिकवतो. शेजारीण कॉम्प्युटरवर नक्की काय करते, हे कळायला मला दोन वर्षं लागली. पुण्याची एक कंपनी खेड्यातल्या दवाखान्यांसाठी पेशंटची माहिती साठवायची पेटी बनवते. पेटीतल्या फायली शाबूत राहतात का, हे तपासायचं काम ताईंकडे. पद्धत मात्र अजब. त्यांचा प्रोग्राम फायलींवर मनाला येईल ते करत सुटतो. फाईल बनव, लिही, मधूनच काप, नाव बदल, पुसून टाक, परत बनव. कशाचा कशाला मेळ नाही. बाजूच्या, बॅटरीवर चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मात्र कोणत्या फायलीत काय असायला पाहिजे, याची चोख नोंद. लाइट आपणहून गेली नाही, तर ताई मध्येच पेटीचा प्लग उपटतात, परत लावतात आणि दोन्हीकडचं ताडून बघतात.

"याला टेस्टिंग म्हणायचं की खोड्या?" मी एकदा विचारलं.

"माणसं कुठं नेमानं वागतात सर? उद्या कोण काय करील, तुमाला काय माहीत?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दूधवाल्यालाही ऐकवतात. शिवाय त्यांच्या प्रत्येक गोंधळाला एक नंबर असतो. तोच नंबर दिला की तोच गोंधळ, त्याच क्रमानं, पहिल्यापासून पुन्हा.

यंदा उन्हाळ्यात एक फाईल गायब झाली. नाव बदलताना वीज गेली, तर कधी कधी ती जुन्या नावानंही सापडेना, नव्या नावानंही सापडेना. ताईंनी पुण्याला कळवलं. पेटी बाजारात आणायची तारीख ठरलेली. उत्तर आलं, असं कुणी करत नसतं, मंजुरीवर सही करा.

"सही न्हाई," ताईंनी उलट कळवलं. एवढंच.

शेवटी कंपनीचे साहेब स्वतः गाडी घेऊन मानवतात आले. ताईंनी मला साक्षीला बोलावून घेतलं.

"मॅडम, मग आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल."

"बघा की. पण जायच्या आधी हा नंबर तुमच्या हातानं चालवा."

साहेबांनी चालवला. फायली भराभर जन्मल्या, भराभर मेल्या. ताई प्लगपाशी उकिडव्या बसलेल्या. नाव बदलायची वेळ आली तसा कॉम्प्युटर टिंग वाजला, ताईंनी प्लग उपटला. परत लावला, तर फाईल जागच्या जागी! साहेब हसले. माझं तोंड उतरलं.

"परत," ताई म्हणाल्या. "प्लग उपटायची वेळ केसभर हुकली."

परतही तेच. तिसऱ्या वेळी मात्र फाईल नव्हती. साहेबांनी चष्मा पुसून शोधली, तरी नव्हती.

"अहो, पण हे लाखात एकदा होणार!"

"मंग ज्याची फाईल जाईल, त्या पेशंटला काय सांगू? बाबा, तू लाखात एक हायस म्हणून?"

साहेबांनी चहाला हातही लावला नाही. अंगणात जाऊन पुण्याला फोन केला आणि तारीख पुढे ढकलली.

गाडी गेल्यावर मला वाटलं, आता ताई गल्लीत पेढे वाटतील. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पेटीच्या प्रोग्रामचा तो भाग जिनं लिहिला होता, ती नवी प्रोग्रामर मुलगी. तिचं रडणं मलाही ऐकू येत होतं.

"रडू नको बाई. माझ्या अहवालात तुझं नाव न्हाई," ताई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "ऐक. माझी पहिली नोकरी कॉलेजात. माझ्या चुकीनं एका वर्गाचे सगळे मार्क पुसले गेले. पोरं परत परीक्षेला बसली. वर्षभर माझ्याशी कुणी धड बोललं न्हाई बघ. डबासुद्धा एकटीच खायचे."

पलीकडून तिनं काहीतरी विचारलं असावं. ताई पायरीवर बसल्या.

"मला कुठं घाई हाय? तू सावकाश दुरुस्त कर. बोलू वाटलं न्हाई तर बोलू नको. फोन तेवढा चालू राहू दे. मी हाय इथं."

पुढचा तासभर ताई फोन कानाला लावून नुसत्या गप्प बसून होत्या.