तरतुदीसह पुन्हा पाठवावे

येरवड्याच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापक शेख सरांच्या टेबलावर दोन शिक्के असत. एक शाळेचा. दुसरा सरांनी शनिवार पेठेतून स्वतः करवून आणलेला : ‘आदेश मिळाला. तरतूद सोबत नाही. तरतुदीसह पुन्हा पाठवावे.’ सरकारी परिपत्रक आलं, की सरांचा हात दुसऱ्याकडे जायचा.

परसबाग करा, असा आदेश आला. आमचं अंगण सगळं फरशीचं. मारला शिक्का. माझ्या लग्नपत्रिकेतलं ‘सहकुटुंब यावे’ वाचूनही म्हणाले, “रिक्षाभाडं जोडलेलं दिसत नाही.” आले मात्र सगळ्यांच्या आधी आणि पंगतीत वाढायलाही उभे राहिले.

मी तिथं मराठी शिकवायचो आणि घाबरायचो. “सर, अंगाशी येईल हो एक दिवस.”

“येऊ द्या. कारवाईची तरतूद त्यांच्याकडे नक्की असेल.”

मग उताराचं परिपत्रक आलं. चालता न येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक शाळेत उतार हवाच, नाहीतर मुख्याध्यापकांवर कारवाई. पैशांबद्दल अवाक्षर नाही. सरांनी शिक्का मारला आणि त्याच आठवड्यात चाकाच्या खुर्चीतली रेश्मा पाचवीत प्रवेश घ्यायला आली. आमचे वर्ग नऊ पायऱ्या चढून वर. खाली फाटकापाशी फक्त सरांची खोली.

आता कसे अडकले, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत पाचवीचा वर्ग भरला होता आणि सर वर व्हरांड्यात, पाण्याच्या माठाशेजारी टेबल टाकून बसले होते. रेश्मा सहावीत गेली, खोली सहावीची झाली. सर माठापाशीच. पोरं पाणी प्यायची, सरांचे कागद भिजायचे.

तपासणीला साहेब आले. “उतार कुठंय?”

“आपण नुसता आदेश दिलात, मी खोली दिली. आता आपली पाळी.”

साहेब खोलीत डोकावले. रेश्मा फळ्यावर गणित सोडवत होती. तिचा हात पोहोचेल इतका खाली सरांनी फळा लावून घेतला होता. कारवाईचा विषय साहेबांनी काढलाच नाही.

उतार झाला, अगदी तरतुदीसह, पण तोवर रेश्मा दहावी पास झाली होती. पेढे द्यायला आली, ती स्वतः चाकं ढकलत वर. सरांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. माठातलं पाणी तिला भरून दिलं.

“सर, सहा वर्षं तुम्ही इथं बसायचात?”

“इथंच,” सर म्हणाले. “इथून तुझी खोली दिसते.”