दहापैकी तीन

आमच्या शेजारच्या सावंतभाऊजींकडे चहा सहजासहजी मिळत नाही. आधी त्यांच्या जुन्या डबडा टीव्हीसमोर बसून पिनबॉलचा व्हिडिओ गेम खेळायचा, मग गेमला दहापैकी मार्क द्यायचे, मग चहा. गॅस सिलिंडरवाल्याने आठ दिलेत. सोसायटीच्या सेक्रेटरीने पाच दिले, त्याला बिनसाखरेचा मिळाला.

गेम तीस वर्षांपूर्वीचा. कॅसेट काढायची, फुंकायची, परत खुपसायची. पडद्यावर चेंडू घरंगळत येतो, खाली डावीउजवीकडे दोन पट्ट्या. वेळेवर बटण दाबलं तर पट्टी चेंडू वर उडवते, नाहीतर चेंडू गटारात.

टीव्हीशेजारी एक कात्रण लॅमिनेट करून लावलंय. एका साप्ताहिकात आलेलं या गेमचं परीक्षण, लेखक ‘चिकित्सक’. दहापैकी तीन मार्क. शेवटचं वाक्य : ‘हा एकलकोंड्यांचा खेळ आहे, घरात दुसरं माणूस असेल तर त्याच्याशी बोला.’ भाऊजी ते प्रत्येक पाहुण्याला मोठ्याने वाचायला लावतात आणि निकाल देतात, “मेलो कधी खेळूकच नाय!”

खरंच खेळला नव्हता. कारण चिकित्सक म्हणजे मी.

तेव्हा मी पस्तिशीची, स्वतःला फार हुशार समजणारी. गेम खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नाही. कुकर लावला, खोक्यामागचा मजकूर वाचला आणि शिट्ट्या होईपर्यंत लेख हातावेगळा केला. तीनच मार्क का? शिट्ट्या तीन झाल्या म्हणून. वर ते शेवटचं वाक्य ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. आता नातीला ‘न वाचता मत देऊ नये’ म्हणून झापते ती हीच बाई.

सावंत जोगेश्वरीत आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा ते कात्रण पाहून माझी वाट लागली. त्यांची बायको कुंदा खेळायला बोलवायची, मी दारातूनच मोतीबिंदू सांगायचे. ऑपरेशन झाल्यावर गुडघे सांगितले. गुडघ्यांनी बटण कोण दाबतं, हे बिचारीने कधी विचारलं नाही.

कुंदाला जाऊन चार वर्षं झाली. परवा घावणे द्यायला गेले तर भाऊजी एकटेच खेळत होते. उजवीकडे आलेला चेंडू टण्णकन वर, डावीकडे आलेला सरळ गटारात. डावा अंगठा हलतच नव्हता. दुखतोय का, विचारलं.

“डावी बाजू कुंदाची,” ते म्हणाले.

दोघं एकच रिमोट धरून, खांद्याला खांदा लावून खेळायची. परीक्षण वाचून कुंदा आठवडाभर हिरमुसली होती. कात्रण तिनेच कापलं. म्हणायची, “त्या चिकित्सकाक एकदा घराक बोलवया. आपण शिकवया त्येका.”

हातातली ताटली मला खाली ठेवावी लागली.

“भाऊजी, तो चिकित्सक मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कात्रणाकडे. मग सतरंजीवर जरा सरकले आणि रिमोटची डावी बाजू माझ्यापुढे केली.

“बसा, वयनी.”

गुडघ्यांची तक्रार न करता बसले. चेंडू डावीकडे आला. मी बटण शोधेपर्यंत गटारात गेला.

“कुंदा पण पयलो असोच घालवी,” ते म्हणाले, आणि दुसरा चेंडू सोडला.