राखीव कीपर

रामटेकेभाऊंच्या घरात वस्तू हातात देत नाहीत, फेकतात. वांगी, साबण, चष्म्याची डबी, सगळं. चहा तेवढा वहिनी हातात देतात, तोही नाइलाजानं. "हात तयार पाह्यजे, मास्तर," असं म्हणत भाऊ माझ्या दिशेनं टोमॅटो सोडतात. माझे सदरे याला साक्षी आहेत.

भाऊ चामोर्शीचे निवृत्त पोस्टमन आणि एके काळचे जिल्हा संघाचे राखीव विकेटकीपर. राखीव म्हणजे पुरते राखीव. पहिले कीपर चंद्रपूरचे शेखभाई, पेशानं शिंपी, तब्येतीनं दगड. "वीस वर्सांत त्याले साधी सर्दी नाई झाली," भाऊ सांगतात. तक्रारीत कौतुकच जास्त.

भाऊंचं दैवत म्हणजे पन्नासच्या दशकातला एक ऑस्ट्रेलियन कीपर. वाचनालयाच्या रद्दीतल्या एका इंग्रजी पुस्तकात तो त्यांना भेटला. थोरला कीपर देशाकडून दौऱ्यावर गेला की याला राज्याच्या संघात जागा. तो परतला की हा पुन्हा बाहेर. त्याच्या मोजक्या सामन्यांची हकिगत भाऊ सख्ख्या चुलतभावाची सांगावी तशी सांगतात. "पन हात तयार ठेवले ना त्यानं."

यंदा चंद्रपूरला जुन्या खेळाडूंचा सामना ठरला. शेखभाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून कीपर भाऊ. वय पासष्ट. आठवडाभर मी अंगणात त्यांच्याकडे लिंबं फेकत होतो. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि खरं सांगतो, थोडा हेवाही.

सामन्यात भाऊ झकास खेळले. एक झेल तर असा घेतला की मी शिट्टी मारली. मास्तरकीला ते शोभलं नाही. आणि आठव्या षटकानंतर भाऊ बोट दाबत बाहेर आले. सीमेबाहेर खुर्चीवर शेखभाई बसले होते. भाऊ त्यांच्या मांडीवर ग्लोव्ह्ज ठेवून म्हणाले, "मायं बोट दुखून राह्यलं. सांभाळ आता." पंच आमच्यातलेच, कोणी हरकत घेतली नाही. शेखभाई लंगडत गेले, उकिडवं बसता येईना म्हणून यष्टींमागे वाकून उभे राहिले आणि पोरासारखे हसले.

परतीच्या एसटीत मी ते बोट पाहिलं. धडधाकट. मला रागच आला. "भाऊ, इतक्या वर्सांनी मिळालं, अन् आठ ओव्हरमध्ये देऊन टाकलं. काऊन?"

भाऊ खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत होते. म्हणाले, "त्या खुर्चीवर बसून कसं वाटते, थे मले ठाऊक हाय, मास्तर. त्याले कुठी सवय हाय?"