नावेचं विरजण

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला कारणंही चांगली मिळत गेली. आधी उत्तमराव हयात होते, म्हणून त्यांच्यादेखत नको. मग उत्तमराव गेले, म्हणून त्यांच्यामागे नको. आता मला सत्त्याहत्तरावं लागलंय आणि कारणं संपलीत. शेलूबाजारात अजूनही चहाच्या टपरीवर उत्तमराव खिराडेंच्या नावेची गोष्ट निघते. लोक उत्तमरावांवर हसतात आणि मीही त्यांच्यात हसतो. मी हसायला नको.

आमच्या शेलूबाजारला हमरस्ता आहे, बाजार आहे, जीपगाड्या आहेत. समुद्र नाही. अशा गावात माझे शेजारी उत्तमराव खिराडे रोज दुपारी जेवण झालं की अंगणातल्या नावेत झोपायला जात. नाव चार जुन्या टायरांवर ठेवलेली होती. चढण्याआधी ते चपला काढत, तांब्याभर पाणी पायांवर घेत, पाय पुसत आणि मगच आत उतरत. घरात मात्र चपलांसकट फिरत.

उत्तमरावांनी तीस वर्षं मंगरूळपीरच्या रस्त्यावर जीप चालवली. नऊ माणसांच्या जीपमध्ये ते अठरा माणसं बसवत आणि एकोणिसाव्याला म्हणत, "सरका बापा, मानूस हाये, गहू नाई." एकही जागा रिकामी असली तर गाडी हलत नसे. पेशंट असो की नवरदेव, उत्तमराव बॉनेटला टेकून उभे राहत आणि म्हणत, "सीट भरल्याशिवाय चाक फिरत नाई." पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्यांच्या जीपमध्ये कुणाचं धोतर किंवा लुगडं कधी खिळ्याला लागून फाटलं नाही. गाडी काढण्यापूर्वी ते रोज सगळ्या सीटांवरून उघडा तळहात फिरवत. "भाईरून गाडी कशी का असंना, गुरुजी, आतून हात फिरला पायजे."

ही जीप त्यांनी एक दिवस देऊन टाकली आणि बदल्यात नाव आणली. कुठल्याशा तलावावरचं बोटिंग बंद पडलं होतं. तिथली ही फायबरची नाव, सहा माणसांची. ट्रॉलीवर चढून ती गावात आली, तेव्हा बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. "उत्तमभौ, पूर येनार हाये का?" असं कुणीतरी विचारलं. उत्तमराव शांतपणे म्हणाले, "आला तं तुले बसवीन. पन सीट भरल्यावर."

त्यांच्या पत्नी कमलवहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी नावेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "पाहा गुरुजी, नदी नाई, नाला नाई, अन् घरात नाव. आता बैल म्हनून मगर आनन हा मानूस."

नाव बाहेरून बरी होती. आतून मात्र तिला तडे गेले होते आणि रंगाचे पोपडे हाताला टोचत. उत्तमरावांनी श्रावण आणि भादवा आत बसून घासण्यात घालवला. फायबरची धूळ अंगात शिरून त्यांना अशी खाज सुटे की बोलता बोलता ते पाठ बाभळीला घासत. वहिनी खोबरेल तेल चोळत आणि शिव्या देत. दोन्ही कामं एका हाताने चालत.

घासून झाल्यावर आत जेलकोटचा फवारा मारायचा होता. जेलकोट म्हणजे फायबरच्या वस्तूवर जो गुळगुळीत, चकचकीत थर असतो तो. उत्तमराव हा शब्द इतक्या अभिमानाने सगळीकडे उच्चारत की आठवड्याभरात खिराडेंच्या मागे जेल आणि कोर्ट लागल्याची बातमी पसरली. जऊळक्याहून त्यांचे दोन पाहुणे धीर द्यायला आले. उत्तमरावांनी त्यांना जेवू घातलं आणि घासायला बसवलं.

रंगापायी त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं. अकोल्याच्या दुकानातून पांढरा जेलकोट आणला, त्यात निळा रंग थेंबाथेंबाने घातला आणि पुठ्ठ्यावर नमुने काढले. अकरा नमुने झाले. प्रत्येक नमुना उन्हात, सावलीत आणि कंदिलासमोर धरून पाहायचा आणि फेकायचा. शेवटी जो ठरला, तो मला तरी मळलेल्या धोतरासारखा वाटला. पांढरा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर पांढरा. "हा काय रंग आहे?" मी म्हणालो. उत्तमराव म्हणाले, "हाच हाये." वहिनींनी तो पुठ्ठा उचलला आणि आत नेऊन ठेवला. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

आता माझ्यावर येतो. मी शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. जेलकोट आपोआप वाळत नाही. फवारण्याआधी त्यात हार्डनर नावाचा द्रव मोजून घालावा लागतो, मग जेलकोट दगडासारखा घट्ट होतो. हे मी उत्तमरावांना रासायनिक अभिक्रियेपासून समजावायला लागलो. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि वहिनींना हाक मारली, "अवं, हे तं इरजन हाये! दुधात टाकलं का दही लागते. जास्त झालं का लवकर लागते, कमी झालं का लागतच नाई." मी चाळीस मिनिटांत सांगणार होतो ते त्यांनी तिथेच संपवलं. त्या दिवसापासून हार्डनरचं नाव विरजण. आणि विरजण टाकायचं काम माझं. "माप गुरुजीचं. गुरुजीचा हात म्हनजे तराजू."

दसऱ्यानंतरच्या सोमवारी फवारणी ठरली. सलीम पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आला, गाड्या रंगवणाऱ्याकडून गन आली. धूळ येऊ नये म्हणून नावेभोवती वहिनींच्या जुन्या लुगड्यांचा मांडव घातला. उत्तमराव तोंडाला दुपट्टा गुंडाळून आत उतरले. फक्त डोळे दिसत होते. बाहेर वीस-पंचवीस माणसं जमली. आमच्याकडे एवढी माणसं एक तर सप्त्याला जमतात नाही तर भांडणाला.

एवढा श्रोतृवर्ग मला निवृत्तीनंतर मिळाला नव्हता. किलोभर जेलकोटात मी वीस मिली हार्डनर घातलं, ढवळलं आणि भांडं हातात धरून लोकांना समजावू लागलो की आता यात काय होतंय. ऑक्टोबरचं ऊन होतं. मी सांगत होतो त्यापेक्षा ते जरा लवकर झालं. गनमध्ये ओतायला गेलो तर भांड्यात खरवस.

आतून दुपट्ट्याआडून आवाज आला, "गुरुजी, तुमचं भाषन होयेस्तोर दही लागलं ना!"

सगळं अंगण हसलं. सलीम तर कॉम्प्रेसरवर बसून हसला. वहिनींनी तोंडाला पदर लावला. यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मी रागावलो. चौतीस वर्षं माझ्या वर्गात कुणी हसलं नव्हतं. ती काही अभिमानाची गोष्ट नव्हे, पण त्या दिवशी मला ती तशी वाटली.

पुढच्या भांड्यात मी वीसच्या जागी पाच मिली टाकलं. उन्हात विरजण कमीच लागतं, मी मनाशी म्हणालो. त्याच्या पुढच्या भांड्यातही पाच. सगळ्या भांड्यांत पाच. आता कुणाचं दही लागतं ते पाहू.

फवारा सुरेख बसला. उत्तमरावांचा हात जीपच्या स्टेअरिंगवर चालायचा तसाच गनवर चालला. बाहेर येऊन त्यांनी दुपट्टा सोडला आणि सहज विचारलं, "इरजन बरोबर पडलं ना, गुरुजी?"

"वीसच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नाव चिकट होती. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी उत्तमरावांनी ऊन लागावं म्हणून लुगड्यांचा मांडव सोडला, आणि नेमकं त्याच दुपारी पलीकडच्या मळ्यात सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं. संध्याकाळपर्यंत थ्रेशरमधून उडालेलं सगळं कुटार, म्हणजे भुसा, येऊन नावेला चिकटलं. त्यावर लिंबाची पानं आली आणि कोंबड्यांची पिसं आली. एक मांजर आत पडली आणि निळसर पंजे घेऊन गावभर फिरली. ती ज्या ज्या घरी दूध पीत होती, ती सगळी घरं उघडी पडली. लोक पाहायला येत आणि म्हणत, "उत्तमभौच्या नावेले केस आले." "आता कातरनी करा, मेंढीसारखी." हीच ती गोष्ट, जी टपरीवर सांगतात. पुढची सांगत नाहीत, कारण ती कुणाला माहीत नाही.

उत्तमरावांनी अकोल्याच्या दुकानदाराला फोन लावला. ऐकू कमी येई म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. मी शेजारीच बसलो होतो.

दुकानदार म्हणाला, "हार्डनर कमी पडलं असन तं घाबरू नका. वरून जास्त हार्डनरचा एक पातळ हात मारा, खालचंही धरते. किती टाकलं होतं?"

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वीस. गुरुजीनं सोता टाकलं."

"पक्कं?"

"गुरुजी वीस म्हनते म्हनजे वीसच. सूर्य इकडचा तिकडं उगवन."

"मंग हार्डनरचा दोष नाई. खालचं नीट धुतलं नसन. सगळं खरवडून काढा अन् पयल्यापासून करा."

एवढा वेळ मला मिळाला होता. "थांबा," एवढा एकच शब्द लागत होता. दिवाळीला अजून बारा दिवस होते. मी म्हणालो, "मी जरा चहाचं पाहतो." आणि घरी निघून आलो.

उत्तमरावांनी नाव खरवडायला घेतली. लोखंडी पत्रीने खरवडायचं, थिनरने पुसायचं, पुन्हा खरवडायचं. माझ्या खिडकीतून तो आवाज दिवसभर येई. कुणी विचारलं तर म्हणत, "माझाच धुवाचा हात खोटा पडला." मी दोन-तीनदा पत्री घेऊन मदतीला गेलो. माझे आभार मानले त्यांनी.

भाऊबीजेच्या सकाळी मी फराळाचं ताट द्यायला गेलो. वहिनी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात ओवाळणीचं ताट होतं, निरांजन, सुपारी, कुंकू. दिवा लावलेला नव्हता. अंगणात नावेतून खर्र खर्र आवाज येत होता.

"भाऊ येणार आहेत का?" मी विचारलं.

"मले कोठी भाऊ, गुरुजी," वहिनी म्हणाल्या. "मी तं चंद्राले ओवाळतो दरसाली. औंदा यायनं म्हनलं होतं, गावाले ओवाळजो."

मग त्यांच्या बोलण्यातून मला कळलं. शेजारी राहून इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. वहिनींचं माहेर सावरटेक. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. आईबाप आधीच गेलेले, भाऊ नाही, आणि मग गावही नाही. भाऊबीजेच्या सुमाराला धरण काठोकाठ भरलेलं असतं. त्या दिवशी बायकोला नावेत बसवायचं, जिथे तिचं घर होतं त्यावर नेऊन उभं करायचं आणि म्हणायचं, आलं माहेर. यासाठी उत्तमरावांनी जीप दिली होती.

"अन् तो रंग," वहिनी हसून म्हणाल्या, "माह्या मायच्या घराच्या भिंती. चुन्यात नीळ कालवून द्यायची ना माय. मी एकडाव सांगतला होता यायले, लग्नाच्या वक्ती. यायनं ध्यानात ठेवला." मग नावेकडे पाहून मोठ्यानं म्हणाल्या, "असू द्या आता! पुढच्या साली जाऊ. गाव काय पऊन चाललं!"

गाव पळालं नाही. पुढच्या माघात वहिनी गेल्या. थंडी छातीत शिरल्याचं निमित्त झालं.

मला वाटलं, उत्तमराव आता नाव विकतील. पण पुढच्या दसऱ्याला ते माझ्या दारात आले. "गुरुजी, इरजन टाकाले चाला." अंगणात आम्ही दोघं आणि सलीम, तिघंच होतो. रंग तोच. या वेळी मी एक शब्द बोललो नाही. वीस म्हणजे वीस मोजले. प्रत्येक माप डोळ्यांसमोर धरून मी इतक्यांदा तपासलं की सलीमने विचारलं, "गुरुजी, चष्मा बदलला का?" दुसऱ्या दिवशी नाव आतून अशी लागली होती की त्यात आभाळ दिसावं.

उत्तमरावांनी तळहात फिरवला आणि म्हणाले, "पाहा, औंदा मी धुतलं बरोबर."

भाऊबीजेला सलीमने आणलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव धरणावर नेली. सलीम काठावर थांबला. मी चपला काढल्या, पाय धुतले आणि चढून पुढच्या बाकावर बसायला लागलो.

"तिथं नाई, गुरुजी," उत्तमराव म्हणाले. "ते सीट भरली हाये."

मी मागे सरकलो. पुढच्या बाकावर वहिनींचं ओवाळणीचं ताट होतं. उत्तमरावांनी वल्ही मारली. बऱ्याच वेळाने, मला तरी जिथे सगळीकडे सारखंच पाणी दिसत होतं अशा एका जागी, ते थांबले. दिवा लावायला वाऱ्यात चार काड्या गेल्या. त्यांनी ताट पाण्यावरून तीनदा ओवाळलं. पुरुषाला ओवाळता येत नाही. ताट उलट्या दिशेने फिरत होतं.

मग ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, हात फिरून पाहा. कोठी लागते का?"

मी त्या निळसर पांढऱ्या बाजूवरून हात फिरवला. आजूबाजूला फक्त पाणी होतं. हसायला कुणी नव्हतं, निघून जायला घर नव्हतं. मी म्हणालो, "उत्तमराव, मागच्या वर्षी ते विरजण..."

"हं?" त्यांनी कानाला हात लावला.

"काही नाही," मी म्हणालो. "कुठंच लागत नाही."