गिरिधररावांची हिमालयस्वारी

"हिमालय म्हणजे काय जी, मोठी टेकडीच ना! माणसात दम पाहिजे!" गिरिधर काळमेघांनी भर हापिसात, चहाच्या वेळेला असं जाहीर केलं आणि बसलेल्या जागी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

गिरिधरराव हेडक्लार्क. धरमपेठेतल्या घराच्या गच्चीपेक्षा उंच ते आयुष्यात कधी चढले नव्हते. पण एका शाळेत ड्रिल शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाई अंध मुलांच्या वसतिगृहासाठी एक मोहीम काढत होत्या. कुलूच्या वरची तेरा हजार फुटांची खिंड चढायची आणि जाणाऱ्यानं ओळखीच्यांकडून देणग्यांचे शब्द मिळवायचे. खिंड गाठली तरच देणगी! गिरिधररावांनी नाव दिलं. शेजारच्या टेबलावरच्या रुपरावांनी सगळ्यात मोठा आकडा बोलून दाखवला आणि वर म्हणाले, "काळमेघ, वर पोचले का पैसे घेऊन जा. नाही पोचले, तर या हापिसात पुन्हा गप्पा हाणू नका!"

आता गप्पा हाणायच्या नाहीत म्हटल्यावर हापिसात जायचं तरी कशाला? गिरिधरराव इरेला पेटले.

सराव सुरू झाला. पहाटे उठून सॅक पाठीवर टाकून ते सेमिनरी हिल्सवर धापा टाकत चढू लागले. तिसऱ्या दिवशी घरी आले तर बायको, उत्तरा, स्वयंपाकघर पालथं घालत होती.

"अहो, माझा वरवंटा पाहिला का? कैरीची चटणी वाटाची हाये!"

गिरिधररावांनी सॅकमधून वरवंटा काढून दिला. "वजन घेऊन चढावं लागते वं! सरावच हाये तो."

उत्तरा बघतच राहिली. "वरवंट्याले फिरायले नेता? बारा वर्षांत मले कधी नेलं नाही टेकडीवर!"

गिरिधररावांनी दुसऱ्या दिवसापासून विटा नेल्या.

बाईंचा नियम कडक होता. ज्याची सॅक त्याच्या पाठीवर, वजन बारा किलो. स्टेशनवर काट्यावर तोलणार, जास्त भरलं तर तो माणूस नागपुरातच राहणार! गिरिधररावांनी दोन स्वेटर, ओव्हरकोट, माकडटोपी, लोकरी पायमोजे, सगळं घड्या घालघालून भरलं, तोललं, आणि काटा बारावर थांबलेला पाहून स्वतःचीच पाठ थोपटली.

निघायच्या आदल्या दिवशी सासरे आले. नुसते आले नाहीत, काटोलकडच्या त्यांच्या अख्ख्या गावाला घेऊन आले! उत्तरानं साधेपणानं निरोप पाठवला होता की हे उद्या हिमालयात जाऊन राहिले. आता हिमालयात माणूस कशासाठी जातो, हे गावात काही कोणाला विचारावं लागत नाही. टाळ-मृदंगासकट भजनी मंडळ दारात उभं राहिलं आणि महादेवराव, ज्यांनी जावयाला आजवर 'आमचा कारकून' याखेरीज दुसरी पदवी दिली नव्हती, ते चक्क वाकून जावयाच्या पाया पडले!

गिरिधररावांना धक्काच बसला. खरं म्हणजे तिथंच सांगायला हवं होतं की मामाजी, ही यात्रा नाही. पण सासरा पायावर असताना खुलासे करायचं कोणाला सुचतं? आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते फार आवडलं.

मग सामान बाहेर निघालं. यात्रेला न जाणारा जाणाऱ्याच्या हाती आपली भक्ती पाठवतो, आणि ती नाकारणं म्हणजे पापच. नारळ आले, खण आले, हिरव्या बांगड्या आल्या, हळदीकुंकवाच्या पुड्या आल्या. शेवटी महादेवरावांनी लाल फडक्यात बांधलेलं एक लहान गाडगं दोन्ही हातांनी पुढं केलं.

"लोणचं का, मामाजी?" गिरिधररावांनी ते कानाशी नेऊन हलवून पाहिलं.

"हलवू नका, जावईबापू! आत्याबाई हाये ते!"

"कोण आत्याबाई?"

"आमची. जाऊन दोन सालं झाली. गंगेले जाणारं कोणी भेटे नाही, तवापासून आंब्याले टांगून ठेवली होती."

गिरिधररावांच्या हातातून आत्याबाई सुटत सुटत वाचल्या!

सगळे गेल्यावर त्यांनी सॅक पुन्हा भरायला घेतली. देवाचं भरावं तर स्वेटर मावेना, स्वेटर भरावा तर आत्याबाई बाहेर. वजन तर बाराच हवं! बराच वेळ डोकं धरून बसल्यावर त्यांना तोड सापडली. काटा सॅक तोलतो, माणूस थोडाच तोलतो? लोकरीचं सगळं अंगावर घालायचं!

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. डांबर चपलेला चिकटत होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अशा दुपारी चार वाजता गिरिधरराव दोन स्वेटर, ओव्हरकोट आणि माकडटोपी घालून नागपूर स्टेशनच्या फलाटावर उभे राहिले. लोक थांबून थांबून पाहू लागले. उत्तरा लाजेनं खांबाआड गेली. पण सॅक काट्यावर बरोबर बारा भरली! प्रमोदिनीबाईंनी मान हलवली, हमालानं सॅक डब्यात ठेवली आणि गिरिधरराव विजयी मुद्रेनं निथळू लागले.

गाडीनं पहिली शिट्टी दिली. गावासकट पोचवायला आलेल्या महादेवरावांनी हात वर केला, टाळकरी सज्ज झाले.

"जावईबापू, जयजयकार कोणाचा करू? बद्रीनाथाचा का केदारनाथाचा?"

गिरिधररावांच्या डोळ्यांपुढं फलाट फिरत होता. घाम डोळ्यांत उतरला होता. अशा वेळी माणसाच्या तोंडून खरं निघून जातं.

"कोणाचाच नका करू, मामाजी. तिथं देऊळ नाही."

"मंग काय हाये?"

"बर्फ."

"अन् बर्फाच्या पुढं?"

"पुढं काही नाही. वर चढाचं, अन् खाली उतराचं."

टाळ हवेतच थांबले. महादेवरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. देव नाही, गंगा नाही, आणि एवढा शिकलेला माणूस तिकीट काढून नुसता चढायला आणि उतरायला जातो? उत्तरानं धावत येऊन नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि किंचाळली, "बाबा, तवा तापला हो! यायले ऊन लागलं!"

सगळ्यांना एकदम उलगडा झाला. "ऊन लागलं! जावईबापूले ऊन लागलं!"

"मी बरा हाये! सोडा मले! माझी गाडी!" गिरिधरराव ओरडत होते. पण ऊन लागलेला माणूस असंच ओरडतो, हे विदर्भात कोणाला शिकवावं लागत नाही. भजनी मंडळानं त्यांना उचललं. कोणी डोक्यावर कांदा फोडला, कोणी स्वेटर ओढला, कोणी टाळानं वारा घातला. त्यांना टांग्यात कोंबत असताना गाडी हलली आणि सॅक हिमालयाकडे निघाली.

डॉक्टरांनी थर्मामीटर पाहिला आणि तेही हादरले. ताप खरंच निघाला! आठ दिवस गिरिधरराव पन्हं पीत, वाळ्याच्या ताट्याआड पडून राहिले. वसतिगृहाच्या देणगीवर पाणी पडलं आणि रुपरावांना तोंड दाखवायची सोय उरली नाही, या विचारानं त्यांना रडू यायचं.

जूनमध्ये प्रमोदिनीबाई स्वतः रिकामी सॅक घेऊन हापिसात आल्या. इटारशीला सॅक उघडून गाडग्यावरची 'आत्याबाईंच्या अस्थी, गंगेसाठी' ही चिठ्ठी वाचल्यावर त्यांना घेरी यायची बाकी होती. पण आत्याबाईला फेकायचं कसं? सगळ्यांनी आळीपाळीनं सॅक वाहिली. खिंडीत नारळ फोडले, बर्फावर खण वाहिला, आणि परतताना वाट वाकडी करून हरिद्वारला आत्याबाईंना गंगेत सोडलं.

रुपरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशात हात घातला. "घ्या बाई, पूर्ण पैसे. काळमेघांच्या घरचं काहीतरी वर पोचलं. मले तर तेवढीबी आशा नव्हती!"

यात्रा पार पडली म्हणून महादेवरावांनी गावात मावंद्याचं जेवण घातलं. पाटावर सॅक बसवली, तिला हार घातला, आणि अख्खं गाव रांगेनं तिच्या पाया पडलं. गिरिधरराव पंगतीत वरण वाढत होते. वाढता वाढता ते सासऱ्यांच्या पानापाशी आले, तेव्हा महादेवराव प्रेमानं म्हणाले,

"जावईबापू, पुढच्या साली जगन्नाथाले थैली पाठवाचा विचार हाये. तुम्ही काही तरास घेऊ नका, घरीच राहा!"